मुलांचा मूत्रपिंडविकार आणि रक्तातील होमोसिस्टीन

मुंबईच्या परळ भागात आचार्य दोंदे मार्गावर एकमेकींपासून हाकेच्या अंतरावर तीन संस्था उभ्या आहेत. १९२६ मध्ये सुरू झालेले के. ई. एम. रुग्णालय, १९२९ मध्ये स्थापन झालेले बाई जेरबाई वाडिया बालरुग्णालय आणि जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये १८९९ साली आलेली, पुढे हाफकिन संस्था या नावाने प्रसिद्धीस आलेली प्रयोगशाळा, या त्या संस्था होत. लालबाग, शिवडी, दादर, गिरगाव येथील चाळींतून, तसेच कोकणातून व घाटावरून अनेक आईबाप आपली आजारी मुले घेऊन या परिसरातील रुग्णालयांत येतात. त्यांपैकी काही मुलांचे डोळे सकाळी सुजलेले असतात, पोट फुगलेले असते आणि पायांवर बोट दाबले असता खळगा पडतो. या मुलांच्या लघवीतून प्रथिने वाहून जात असतात. या आजारास वैद्यकात ‘नेफ्रॉटिक सिंड्रोम’ म्हणतात.

या आजाराच्या अभ्यासात गेल्या काही दशकांत रक्तातील एका घटकाकडे संशोधकांचे लक्ष वेधले गेले आहे. तो घटक म्हणजे होमोसिस्टीन. नेफ्रॉटिक सिंड्रोम झालेल्या मुलांच्या रक्तात त्याचे प्रमाण किती असते, ते वाढते की घटते आणि त्याचा रक्ताच्या गुठळ्या होण्याशी काही संबंध आहे काय, हे प्रश्न वरकरणी केवळ तज्ज्ञांचे वाटतात. परंतु त्यांची उत्तरे शोधताना मुलाच्या ताटातील पालेभाजीपासून शाळेत वाटल्या जाणाऱ्या गोळीपर्यंत अनेक गोष्टींचा विचार करावा लागतो. शिवाय या प्रश्नाचा एक महत्त्वाचा धागा परळमध्येच, गिरणी कामगार स्त्रियांच्या आरोग्याच्या अभ्यासातून हाती आलेला आहे. म्हणून या विषयाची ओळख शिक्षक, अधिकारी आणि पंचायत सदस्य यांनाही असणे उपयुक्त ठरेल.

आजाराचे स्वरूप

माणसाच्या प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे दहा लाख सूक्ष्म गाळण्या असतात. अतिसूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या गुच्छांनी त्या बनलेल्या असतात. रक्त त्यांतून जाताना पाणी, क्षार आणि टाकाऊ द्रव्ये गाळली जातात. प्रथिनांचे मोठे रेणू मात्र रक्तातच अडवले जातात. नेफ्रॉटिक सिंड्रोममध्ये या गाळणीच्या पडद्यात बिघाड होतो आणि प्रथिने, विशेषतः अल्ब्युमिन, लघवीवाटे बाहेर पडू लागतात.

अल्ब्युमिनचे एक काम रक्तातील पाणी रक्तवाहिन्यांत धरून ठेवणे हे आहे. निरोगी माणसाच्या दर १०० मिलिलिटर रक्तरसात साधारणपणे ३.५ ते ५ ग्रॅम अल्ब्युमिन असते. या आजारात ते ३ ग्रॅमच्या खाली, पुष्कळदा त्याहूनही बरेच खाली जाते. त्याच वेळी मूत्रपिंडे मीठ व पाणी धरून ठेवतात. परिणामी पाणी ऊतींत साठून अंगावर सूज येते. लघवीत भरपूर प्रथिने, रक्तात अल्ब्युमिनची कमतरता आणि अंगावर सूज ही या आजाराची प्रमुख लक्षणे होत. रक्तातील कोलेस्टेरॉलही बहुधा वाढलेले आढळते.

दरवर्षी दर एक लाख मुलांमागे सुमारे २ ते ७ मुलांना हा आजार नव्याने होतो, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. बहुतेक रुग्ण २ ते ६ वर्षे वयाचे असतात आणि लहान वयात मुलींपेक्षा मुलांत तो सुमारे दुप्पट आढळतो. तो संसर्गजन्य नाही. आईबापांच्या चुकीने किंवा एखाद्या पदार्थाच्या सेवनाने तो झाला, अशी समजूत करून घेण्यासही आधार नाही.

प्रतिजैविके आणि स्टेरॉइड औषधे उपलब्ध होण्यापूर्वी, म्हणजे विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात, या आजाराची पुष्कळ मुले जंतुसंसर्गाने दगावत असत. १९५० नंतर हे चित्र पालटले. आज प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडच्या गोळ्यांनी दहापैकी आठ ते नऊ मुलांच्या लघवीतील प्रथिने थांबतात आणि सूज उतरते. पहिल्या वेळी हा उपचार भारतातील प्रचलित पद्धतीनुसार सहा आठवडे रोज आणि पुढील सहा आठवडे एक दिवसाआड असा एकूण बारा आठवडे दिला जातो. मात्र बऱ्याच मुलांत आजार पुन्हा उलटतो. काही मुलांत तो वर्षातून अनेकदा उलटतो, तर थोड्या मुलांवर स्टेरॉइडचा परिणामच होत नाही. अशा मुलांसाठी मूत्रपिंडाचा तुकडा काढून तपासणे आणि अन्य औषधे देणे आवश्यक ठरते. बहुतेक मुले मोठी होता होता या आजारातून बाहेर पडतात. परंतु तोपर्यंतची काही वर्षे घरादाराची परीक्षा पाहणारी असतात.

रक्त गोठण्याचा धोका

या आजारात जंतुसंसर्गाच्या खालोखाल भीती बाळगावी लागते ती रक्तवाहिनीत रक्ताची गुठळी होण्याची. मोठ्या माणसांच्या तुलनेने मुलांत हा धोका बराच कमी, साधारणतः शंभरांत तीन मुलांना, असल्याचे मानले जाते. तथापि ज्या मुलाच्या मेंदूतील किंवा फुप्फुसातील रक्तवाहिनीत गुठळी होते, त्याच्या बाबतीत प्रश्न जीवनमरणाचाच असतो.

गुठळी होण्याची कारणे अनेक आहेत. रक्त गोठण्यास आळा घालणारी काही प्रथिने लघवीवाटे निघून जातात. ही तूट भरून काढण्यासाठी यकृत अधिक प्रथिने तयार करू लागते आणि त्यात रक्त गोठविणारे फायब्रिनोजेनही वाढते. रक्तवाहिन्यांतील पाणी ऊतींत गेल्याने रक्त दाट होते. त्यात मुलाला जुलाब किंवा उलट्या झाल्या, अथवा लघवी वाढविणारे औषध वैद्यकीय देखरेखीवाचून दिले गेले, तर रक्त आणखी दाट होते. आजारी म्हणून मुलाला दिवसेंदिवस अंथरुणात पडून ठेवल्यानेही या धोक्यात भर पडते.

ही कारणे सर्वमान्य आहेत. तरीही सारख्याच अवस्थेतील दोन मुलांपैकी एकाला गुठळी होते आणि दुसऱ्याला होत नाही, असे का घडते, याचा उलगडा केवळ त्यांनी होत नाही. या शोधात होमोसिस्टीनचे नाव पुढे आले.

होमोसिस्टीन म्हणजे काय

डाळी, दूध, अंडी, मासे यांतील प्रथिनांमधून शरीराला मेथिओनीन नावाचे गंधकयुक्त अ‍ॅमिनो आम्ल मिळते. पेशींतील अनेक रासायनिक क्रियांना लागणारा ‘मिथिल’ हा गट मेथिओनीनपासून मिळतो. तो देऊन झाल्यावर जे शिल्लक उरते ते होमोसिस्टीन होय. अन्नातून ते थेट मिळत नाही. शरीरातच तयार होते. १९३२ साली अमेरिकेत व्हिन्सेंट द्यु व्हिन्यो आणि त्यांचे सहकारी यांनी मेथिओनीनपासून ते प्रथम तयार केले. द्यु व्हिन्यो यांना पुढे १९५५ मध्ये रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

तयार झालेल्या होमोसिस्टीनची विल्हेवाट लावण्याचे शरीरापुढे मुख्यतः दोन मार्ग असतात. पहिला मार्ग त्याचे पुन्हा मेथिओनीनमध्ये रूपांतर करण्याचा. यासाठी फॉलिक आम्ल या गटातील जीवनसत्त्व आणि जीवनसत्त्व ब-१२ ही दोन्ही लागतात. दुसरा मार्ग त्यापासून सिस्टीन हे दुसरे अ‍ॅमिनो आम्ल बनविण्याचा. यासाठी जीवनसत्त्व ब-६ लागते. या जीवनसत्त्वांपैकी एखादे कमी पडले की मार्ग तुंबतो आणि रक्तातील होमोसिस्टीन वाढते. मूत्रपिंडाची गाळण्याची शक्ती घटली तरीही ते वाढते.

निरोगी प्रौढांच्या रक्तात ते दर लिटरमागे सुमारे ५ ते १५ मायक्रोमोल असते. लहान मुलांत ते याहून कमी, बहुधा १० मायक्रोमोलच्या आत असते आणि वयाबरोबर वाढत जाते. मुलाच्या अहवालाची तुलना प्रौढांच्या आकड्यांशी करणे म्हणूनच योग्य नव्हे.

होमोसिस्टीन फार वाढल्यास काय होते, हे एका जन्मजात विकारामुळे समजले. १९६२ साली उत्तर आयर्लंडमध्ये बौद्धिक वाढ खुंटलेल्या मुलांच्या तपासणीत काहींच्या लघवीत होमोसिस्टीनपासून बनलेले द्रव्य आढळले. अशा मुलांत लहान वयातच रक्ताच्या गुठळ्या होतात. १९६९ मध्ये अमेरिकेतील डॉ. किल्मर मॅक्‌कली यांनी अशा मुलांच्या रोहिण्यांत वृद्धांप्रमाणे झालेली विकृती पाहून होमोसिस्टीन रक्तवाहिन्यांना अपाय करते, असा विचार मांडला. नेफ्रॉटिक सिंड्रोमच्या मुलांतही गुठळ्या होतात. तेव्हा त्यांच्यातील होमोसिस्टीन तपासून पाहावे, ही कल्पना साहजिकच पुढे आली.

परळमधील संशोधन

होमोसिस्टीन आटोक्यात ठेवणाऱ्या फॉलिक आम्लाचा शोध ज्या निरीक्षणांतून लागला, ती निरीक्षणे मुंबईत झाली आहेत. १९२८ साली लूसी विल्स या इंग्रज महिला डॉक्टर भारतात आल्या. गरोदर स्त्रियांना होणाऱ्या एका तीव्र रक्तक्षयाचा अभ्यास त्यांच्याकडे सोपविण्यात आला होता. डॉ. मार्गारेट बाल्फर यांच्या पुढाकाराने चाललेल्या मातामृत्यूविषयक चौकशीचा तो एक भाग होता. विल्स यांच्या मुंबईतील कामाचे केंद्र परळची हाफकिन संस्था हे होते.

त्या काळी मुंबईतील गरीब वस्त्यांत, त्यांत कापड गिरण्यांत राबणाऱ्या स्त्रियाही आल्या, गरोदरपणात रक्त झपाट्याने कमी होऊन मृत्यू येण्याचे प्रकार घडत. या स्त्रियांच्या रक्तातील तांबड्या पेशी नेहमीपेक्षा मोठ्या आकाराच्या असत. विल्स यांनी एम. एम. मेहता आणि एस. एन. तळपदे यांच्या सहकार्याने या स्त्रियांच्या आहाराची व राहणीची पाहणी केली. त्यांच्या जेवणात प्रथिने, भाज्या आणि फळे यांचा तुटवडा होता. जंतूचा शोध घेण्याऐवजी ताटात काय नाही याचा शोध घेणे, हे या कामाचे वैशिष्ट्य होय.

पुढे प्राण्यांवरील प्रयोग आणि नंतर रुग्ण स्त्रियांवरील उपचार यांतून असे दिसून आले की, यीस्टपासून बनविलेला ‘मार्माइट’ नावाचा स्वस्त अर्क दिल्यास हा रक्तक्षय बरा होतो. १९३१ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये विल्स यांनी हा निष्कर्ष प्रसिद्ध केला. रक्तक्षयाच्या एका वेगळ्या प्रकारावर गुणकारी ठरलेले यकृताचे शुद्ध अर्क या स्त्रियांवर मात्र निरुपयोगी ठरले. यावरून यीस्टमध्ये एक निराळाच घटक आहे, हे स्पष्ट झाले. त्याला ‘विल्स घटक’ असे नाव पडले.

१९४१ मध्ये अमेरिकेत पालकाच्या पानांपासून एक द्रव्य वेगळे करण्यात आले व त्यास फॉलिक आम्ल म्हणू लागले. १९४५ च्या सुमारास लेडर्ली प्रयोगशाळेत ते कृत्रिम रीतीने तयार झाले. त्या संशोधनाचे नेतृत्व आंध्रातील भीमावरम येथे जन्मलेल्या डॉ. यल्लाप्रगडा सुब्बाराव यांनी केले होते. विल्स यांच्या यीस्टमधील गुणकारी घटक तो हाच होता. जीवनसत्त्व ब-१२ त्यानंतर, १९४८ मध्ये, शुद्ध स्वरूपात हाती आले. गिरणगावातील मातेच्या रक्तक्षयापासून निघालेला हा धागा अशा प्रकारे आजच्या सुजलेल्या मुलाच्या रक्ततपासणीपर्यंत येऊन पोहोचतो.

निष्कर्षांत एकवाक्यता का नाही?

नेफ्रॉटिक सिंड्रोमच्या मुलांतील होमोसिस्टीनविषयी भारतात व इतर देशांत अनेक अभ्यास झाले आहेत. त्यांचे निष्कर्ष सारखे नाहीत. काहींत ते वाढलेले आढळले, काहींत निरोगी मुलांइतकेच, तर काहींत घटलेले. अभ्यासच चुकीचे, असा निष्कर्ष यावरून काढणे योग्य होणार नाही. या आजारात होमोसिस्टीनवर परस्परविरोधी दिशांनी ओढ बसते, हे त्यामागील मुख्य कारण आहे.

रक्तातील होमोसिस्टीनचा सुमारे तीन चतुर्थांश भाग प्रथिनांना, मुख्यतः अल्ब्युमिनला, चिकटलेला असतो. अल्ब्युमिन लघवीतून गेले की त्याच्याबरोबर हा भागही जातो. त्यामुळे रक्तातील एकूण प्रमाण खाली येऊ लागते. दुसऱ्या बाजूने, फॉलिक आम्ल आणि ब-१२ हीदेखील रक्तात प्रथिनांच्या आधाराने वावरतात. ती प्रथिने लघवीवाटे गेल्याने या जीवनसत्त्वांची तूट पडू शकते. भूक मंदावल्याने आहारही घटतो. त्यामुळे होमोसिस्टीन वाढू लागते. मूत्रपिंडाची गाळणशक्ती कमी झाली असेल, तर ते आणखी वाढते.

या दोन्ही ओढी सारख्या ठरल्या तर अहवालातील आकडा निरोगी मुलासारखाच दिसेल. समजा, एका मुलाच्या अहवालात होमोसिस्टीन ८ मायक्रोमोल आले. अल्ब्युमिन पुरेसे असलेल्या निरोगी मुलात या आकड्याचा अर्थ सर्व काही ठीक आहे, असा होईल. परंतु अल्ब्युमिन निम्म्यावर आलेल्या मुलात तोच आकडा जीवनसत्त्वांची कमतरता झाकणारा असू शकतो. म्हणून होमोसिस्टीनचा आकडा एकट्याने वाचता येत नाही. त्याच्यासोबत अल्ब्युमिन, फॉलिक आम्ल, ब-१२ आणि मूत्रपिंडाचे कार्य ही माहिती असावी लागते. आजाराचा पहिलाच झटका आहे, तो उलटला आहे, की लघवीतील प्रथिने थांबली आहेत, हेही पाहावे लागते.

नमुना घेण्याची पद्धतही महत्त्वाची आहे. रक्त काढून नळीत तसेच ठेवले तर तांबड्या पेशींतून होमोसिस्टीन बाहेर पडत राहते आणि आकडा खोटा वाढतो. नमुना लगेच बर्फात ठेवून तासाभराच्या आत पेशी व रक्तद्रव वेगळे करणे आवश्यक असते. उन्हाळ्याच्या दिवसांत वस्तीतील संकलन केंद्रावर घेतलेला नमुना दुपारी दूरच्या प्रयोगशाळेत पोहोचला, तर त्या अहवालावर कितपत भिस्त ठेवावी, हा प्रश्नच असतो.

वाढलेले होमोसिस्टीन हे गुठळीचे कारण आहे की रक्तवाहिन्यांच्या बिघाडाची केवळ खूण आहे, हाही मुद्दा आहे. हृदयविकाराच्या प्रौढ रुग्णांना फॉलिक आम्ल, ब-६ व ब-१२ देऊन होमोसिस्टीन कमी करण्याचे मोठे प्रयोग झाले. त्यांपैकी दोन मोठ्या प्रयोगांचे निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध झाले. होमोसिस्टीन उतरले, परंतु हृदयविकाराच्या झटक्यांचे प्रमाण त्यामुळे अपेक्षेप्रमाणे घटले नाही. आकडा सुधारणे आणि रोगी सुधारणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हा धडा त्यातून मिळाला.

या सर्व कारणांमुळे नेफ्रॉटिक सिंड्रोमच्या प्रत्येक मुलाची होमोसिस्टीन तपासणी करण्याची प्रथा नाही. ज्या मुलाला गुठळी झाली आहे, घराण्यात तरुण वयात गुठळ्या होण्याचा इतिहास आहे किंवा आजार स्टेरॉइडला दाद देत नाही, अशा प्रसंगी ती करावी की नाही, हे तज्ज्ञ ठरवितात. तुटपुंज्या मिळकतीच्या कुटुंबाने या तपासणीसाठी कर्ज काढण्याचे कारण नाही. तोच पैसा नियमित औषध, लघवीची तपासणी आणि रुग्णालयात येण्याजाण्याचा खर्च यांसाठी अधिक उपयोगी पडतो.

पुण्यातील पाहणीचा इशारा

या विषयाचा महाराष्ट्राच्या दृष्टीने विचार करताना आणखी एक बाब लक्षात घ्यावी लागते. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खेड्यातील, झोपडपट्टीतील आणि शहरी मध्यमवर्गातील ४४१ मध्यमवयीन पुरुषांची पाहणी केली. तिचे निष्कर्ष २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. शेकडा ६७ पुरुषांत ब-१२ कमी आढळले आणि शेकडा ५८ जणांत होमोसिस्टीन १५ मायक्रोमोलपेक्षा अधिक होते. शहरी मध्यमवर्गात हे प्रमाण सर्वांत जास्त, ब-१२ च्या बाबतीत शेकडा ८१, निघाले. शाकाहार हे त्याचे एक प्रमुख कारण होते, कारण ब-१२ वनस्पतिजन्य अन्नात जवळजवळ नसते.

ही पाहणी प्रौढांची असून ती मुलांना जशीच्या तशी लागू करता येत नाही. परंतु ज्या समाजात ब-१२ ची उणीव एवढी सार्वत्रिक आहे, तेथे परदेशातील मुलांवरून ठरविलेल्या आकड्यांवर विसंबून चालणार नाही. येथील आजारी मुलांची तुलना येथीलच निरोगी मुलांशी व्हावयास हवी.

याच संशोधकांनी १९९३ पासून पुण्याजवळील खेड्यांत गरोदर स्त्रियांचा दीर्घकालीन अभ्यास हाती घेतला. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार, ज्या मातांच्या रक्तात फॉलिक आम्ल जास्त पण ब-१२ कमी होते, त्यांच्या सहा वर्षांच्या मुलांत इन्सुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती अधिक होती. ब-१२ ची कमतरता असताना केवळ फॉलिक आम्ल देत राहिल्यास रक्तक्षय झाकला जातो आणि मज्जातंतूंची हानी मात्र चालूच राहते, हेही वैद्यकात पूर्वीपासून ज्ञात आहे. म्हणून ‘जीवनसत्त्वाच्या गोळीने काय बिघडते?’ असे म्हणून परस्पर औषध देणे इष्ट नाही.

आहाराचा विचार

फॉलिक आम्ल पालक, मेथी, चवळी, शेपू यांसारख्या पालेभाज्यांत, डाळींत आणि मोडाच्या कडधान्यांत मिळते. ते उष्णतेने नष्ट होते आणि पाण्यात विरघळते. भाजी बराच वेळ शिजवून वरचे पाणी ओतून दिले, तर त्याचा मोठा अंश वाया जातो. भाजी थोड्या पाण्यात, झाकण ठेवून, बेताची शिजवावी. ब-१२ साठी दूध, दही, अंडी, मासे यांपैकी घरात जे चालते ते नियमाने द्यावे.

प्रथिने लघवीतून जातात म्हणून मुलाला मोठ्या प्रमाणात प्रथिने खाऊ घालण्याची काही घरांतून रीत आहे. तिचा लाभ होत नाही. वयाला साजेसा, प्रथिनांनी युक्त असा नेहमीचा चौरस आहार पुरेसा असतो. याउलट, प्रथिने बाधतात या समजुतीने डाळ, दूध बंद करणेही तितकेच चुकीचे होय.

अंगावर सूज असेतोवर मीठ मात्र कमी करावे लागते. लोणचे, पापड, वेफर, फरसाण आणि लालबागेत ज्यासाठी एक गल्लीच प्रसिद्ध आहे तो चिवडा, हे पदार्थ त्या काळात टाळावेत. कोकणातील घरांतून आवडीने खाल्ली जाणारी सुकट व खारवलेली मासळी ही ताज्या मासळीच्या जागी देऊ नये. सूज उतरल्यावर ही बंधने सैल करता येतात.

शाळा आणि पंचायत यांचे कार्य

या आजाराची पहिली खूण पुष्कळदा घरी डास चावल्याची किंवा डोळे आल्याची समजली जाते. सकाळी डोळ्यांभोवती येणारी व दिवसा पायांकडे उतरणारी सूज, फेसाळ व कमी लघवी, एकाएकी घट्ट झालेले कपडे या खुणा शिक्षक आणि अंगणवाडी सेविका यांना ठाऊक असाव्यात. २०१३ पासून राबविल्या जाणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक तपासणीस आले असता असे मूल त्यांच्या नजरेस आणून द्यावे. मात्र सूज स्पष्ट असल्यास पथकाची वाट न पाहता मुलास प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यावे. लघवीतील प्रथिनांची साधी तपासणी पट्टीने काही मिनिटांत होते.

निदान झालेल्या मुलाच्या घरी एक वही असावी. रोज सकाळी लघवी तपासून प्रथिने नाहीत, अंशमात्र आहेत की एक ते चार अधिक चिन्हांपर्यंत आहेत, याची तारखेनिशी नोंद करावी. पट्टी परवडत नसल्यास परीक्षानळीत लघवी तापवून ती गढूळ होते का, हे पाहण्याची रीत रुग्णालयात शिकवून घ्यावी. तीन दिवस लागोपाठ तीन किंवा अधिक चिन्हे दिसल्यास आजार उलटला असे समजून डॉक्टरांकडे जावे. सूज येण्याची वाट पाहिली नाही, तर बराचसा धोका टळतो. आईला लिहिता येत नसेल, तर ही नोंद ठेवण्यास वर्गशिक्षक साहाय्य करू शकतात.

स्टेरॉइडच्या गोळ्या मनाने बंद करणे अतिशय धोक्याचे असते. या गोळ्यांनी मुलाचा चेहरा गोल होतो, भूक वाढते, अंगावर लव येते. वर्गातील मुले त्यावरून चिडवितात आणि मूल गोळी घेण्याचे टाळते. अशा वेळी शिक्षकाने वर्गाला समजुतीने दिलेली दोन वाक्ये औषधाइतकीच मोलाची ठरतात. सूज नसताना या मुलास खेळू द्यावे. वर्गात कांजिण्या किंवा गोवराची साथ आल्यास त्याच्या पालकांना त्वरित कळवावे. स्टेरॉइड चालू असताना काही लसी देता येत नाहीत, तर न्यूमोकॉकस जंतूविरुद्धची लस आवर्जून द्यावी लागते. म्हणून लसीकरण डॉक्टरांना विचारूनच करावे.

शाळांतून लोह आणि फॉलिक आम्ल यांच्या गोळ्या दर आठवड्यास दिल्या जातात. पाच ते दहा वर्षांच्या मुलांसाठीच्या गुलाबी गोळीत ४५ मिलिग्रॅम लोह व ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल असते, तर त्यापुढील वयासाठीच्या निळ्या गोळीत ६० मिलिग्रॅम लोह व ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल असते. नेफ्रॉटिक सिंड्रोमच्या मुलाला ही गोळी द्यावी का, हे त्याच्या डॉक्टरांना विचारून ठेवावे आणि तसे हजेरीपटावर नोंदवावे.

पुढील खुणा दिसल्यास क्षणाचाही विलंब लावू नये : असह्य डोकेदुखी व उलट्या, झटके, गुंगी, हातापायातील शक्ती जाणे, एकाच पायाला वेदनेसह सूज, लघवीतून रक्त व कुशीत दुखणे, एकाएकी धाप लागणे. या गुठळीच्या खुणा असू शकतात. ताप आणि तीव्र पोटदुखी ही जंतुसंसर्गाची खूण असू शकते. अशा वेळी गावातील वाहनाची तातडीने सोय करणे, हे पंचायत सदस्यांचे मोठेच साहाय्य होईल. उपचारखर्चाच्या शासकीय योजनांबाबत रुग्णालयातील समाजसेवा अधीक्षकांकडे चौकशी करावी.

समारोप

होमोसिस्टीनविषयीचे संशोधन पुढे चालू राहील आणि कोणत्या मुलांत त्याची तपासणी व उपचार लाभदायक ठरतात, हे त्यातून अधिक स्पष्ट होईल. तोवर त्यातून मिळणारा बोध एवढाच की, लघवीतून जाणाऱ्या प्रथिनांबरोबर शरीरातील इतर अनेक मोलाची द्रव्येही जात असतात. ही गळती लवकर ओळखणे आणि औषधाने पूर्णपणे थांबविणे, हाच मुख्य उपचार होय. चौरस आहाराची जोड त्यास द्यावयास हवी.

लूसी विल्स ज्या स्त्रियांच्या आजाराचा शोध घेण्यासाठी परळला आल्या, त्यांच्या गिरण्यांचे भोंगे आता थांबले आहेत. त्या ठिकाणी उंच इमारती उभ्या राहिल्या आहेत. परंतु आजाऱ्याच्या रक्ताबरोबरच त्याच्या ताटाकडे आणि राहणीकडेही पाहावे, हा त्या संशोधनाने घालून दिलेला पाठ जुना झालेला नाही. सकाळी डोळे सुजलेले मूल वर्गात येऊन बसते, तेव्हा ती सूज पाहणारी पहिली जाणती व्यक्ती बहुधा शिक्षकच असते. त्यांनी ती वेळीच ओळखली, तर पुढील पुष्कळ अनर्थ टळू शकतील.